आई-बाबांना घेऊन टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्यात जायचंय, हाताशी पाचच दिवस आहेत. मारा नदी ओलांडणारे कळप पाहायला ऑगस्टमध्ये जावं की फेब्रुवारीत?

फेब्रुवारीत जा. नदीचा मोह सोडा.

वाइल्डबीस्टचं (हरणाच्या कुळातला, गाईसारखा दिसणारा प्राणी) स्थलांतर ऑगस्टातच 'होतं' असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. खरं तर तेराएक लाख वाइल्डबीस्ट आणि सोबतचे झेब्रे वर्षभर पावसामागे, गवतामागे फिरत असतात. ऑगस्टच्या सुमारास ते उत्तरेला मारा नदीकाठी असतात. सफारी जिथून सुरू होते त्या अरुशा शहरातून तिथपर्यंत गाडीने जायचं तर तुमचे जाता-येताचे दिवस खडखडाटातच संपतील. छोट्या विमानाने जायचं तर खर्च वाढतो. एवढं करून कळप तासन् तास काठावर उभा राहतो आणि कधी कधी पाण्यात न उतरताच माघारी फिरतो. बाजूला गाड्यांची ही रांग!

फेब्रुवारीत हेच कळप दक्षिणेला, नदुतूच्या आसपासच्या मैदानात असतात. गोरोंगोरोच्या परिसरातल्या ज्वालामुखींच्या राखेमुळे इथली जमीन खनिजांनी समृद्ध आहे. गवत आखूड पण कसदार, म्हणून माद्या इथे येऊन वितात. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांतच जन्मतात. मारून मारून शिकारी किती मारणार, असा तो हिशोब. पिल्लू काही मिनिटांत उभं राहून आईमागे धावू लागतं. तरस, सिंह, चित्ते आसपास असतातच, आणि आखूड गवतामुळे सगळं लांबूनही दिसतं. आईंना हे बघवेल का, ते मात्र आधी विचारा.

ताडोबाची सवय असेल तर एक फरक जाणवेल. तिथे सकाळ-दुपारच्या फेऱ्या असतात. इथे डबा बांधून दिवसभर बाहेर राहता येतं. गाडी बंद लँड क्रूझर, छत वर उचललं जातं. नदुतूचा बराच भाग गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात येतो आणि तिथे हंगामात गाडी रस्ता सोडूनही नेता येते. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तशी मुभा नाही.

पाच दिवसांत नदुतू, मग सेरेंगेटीच्या मधला सेरोनेरा भाग (खडकांवरचे सिंह, झाडावरचा बिबट्या) आणि परतताना गोरोंगोरोच्या विवरात काळा गेंडा दिसतो का पाहायचं. विवराच्या कडेची उंची सुमारे २,३०० मीटर, तेव्हा पहाटेसाठी स्वेटर हवाच. मार्च संपता संपता मोठा पाऊस लागतो, तारखा तिकडे ढकलू नका.

गडद निळे-काळे कपडे घरी ठेवा, चावणाऱ्या त्से त्से माशा त्यांच्याकडे धावतात. ठेपले-चिवडा प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नका, टांझानियात २०१९पासून त्यांवर बंदी आहे. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या. ती ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि तारखेसाठी थांबावं लागू शकतं, त्यामुळे तिकिटं काढली की लगेच चौकशी करा. आई-बाबांचं वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. त्या वयात ही लस सरसकट देत नाहीत.