गावातला एकजण एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, त्याच्या बायकोला मी सांगू का?

तुम्ही आशा ताई आहात, त्याचा रिपोर्ट तुमच्या कानावर आलाय, बायको रोज समोर दिसते आणि पोटात कालवतं, असं तुम्ही लिहिलंय. सरळ सांगते, तुम्ही नाही सांगायचं. रत्नागिरीकडे आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काढलीत म्हणून बोलतेय.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यात जोडीदाराला सांगायची मुभा फक्त डॉक्टर आणि समुपदेशकाला आहे. तीही कधी, तर जोडीदाराला खरोखर धोका आहे, पेशंटला समजावून झालंय, तरी तो सांगणार नाही असं दिसतंय, आणि आता आम्ही सांगणार हे त्याला आधी कळवलंय, तेव्हाच, आणि तेही समोर बसवून. उलट पॉझिटिव्ह बाई असेल आणि नवरा मारेल, घराबाहेर काढेल अशी भीती असेल तर त्याला सांगायचंच नाही.

कागदावर सोपं वाटतं हो. माझ्याकडे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), मे संपत आलेला, म्हणजे १ जूनपासून मासेमारी बंद, बोट वर ओढलेली आणि हा माणूस दोन महिने घरात बायकोजवळ. "बाय, तिला कळलं तर माहेरी जाईल ती." कंडोम दिले, गोळ्या सुरू झाल्या, फुकट मिळतात, रोज एक, पण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, उतरायला महिने लागतात, तोवर धोका आहेच. तिसऱ्या भेटीत म्हटलं, तुम्ही नाही सांगितलंत तर डॉक्टर वहिनींना बोलावून सांगतील, आणि हे तुमच्या मागून होणार नाही. त्याने पंधरा दिवस मागितले. मी दिले, आणि ते पंधरा दिवस मला झोप नाही, कारण तेवढ्यात तिला लागण झाली असती तर ती माझ्यावरच ना.

पावसात भिजत दोघं आली. ऐकून ती रडली नाही, त्याच्याकडे बघून म्हणाली, "म्हणून पडवीत झोपायचे होय, मला वाटलं बाहेर कुणी ठेवलीय." तिची टेस्ट निगेटिव्ह आली, तीन महिन्यांनी परत केली, तेव्हाही निगेटिव्ह.

चूक माझीही झालीय. एकदा एसटी स्टँडवर एका पेशंटला सहज हाक मारली, मी कुठे काम करते ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक, नंतर तो औषधाला घाट चढून कोल्हापूरला जायला लागला. तेव्हापासून रस्त्यात मी पेशंटला ओळख देत नाही, त्यांनी दिली तरच.

तर तुम्ही जवळच्या आयसीटीसीच्या समुपदेशकाला एकट्याने भेटा, फोनवर नाव घेऊ नका, व्हॉट्सॲपवर तर नकोच, आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ ला फोन लावा. आणि त्याचा रिपोर्ट तुमच्यापर्यंत आला कसा, कुणी सांगितला, तेही त्यांना सांगा, कारण तिथून गळतंय म्हणजे बायकोच्या आधी शेजारणीला कळायचं.