ती बाई ओततेय तरी काय?

प्रश्न : फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्स्वा मिले यांच्या एका चित्रात एक बाई मोठ्या लाकडी पिंपावर वाकून भांड्यातलं काहीतरी ओतते आहे. वाफही दिसते. हा स्वयंपाक आहे का? आणि मिलेंच्या बायकांचे चेहरे इतके पुसट का असतात?

उत्तर : स्वयंपाक नाही, धुणं आहे. ओशाळू नका. एका धुरकट छपाईवर विसंबून मी हेच चित्र ‘सूप करणारी बाई’ म्हणून दोन वर्षं वर्गात शिकवलं आहे. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे, नाव ‘ला लेसिव्यूझ’, म्हणजे धुणं धुणारी.

तेव्हाच्या फ्रेंच खेड्यात धुणं निघायचं राखेवर. पिंपात चादरी, सदरे थरांनी रचायचे, वर जाडंभरडं फडकं पसरायचं, त्यावर चाळलेली लाकडाची राख. मग पाणी ओतायचं. राखेतला खार घेऊन ते कपड्यांतून झिरपतं आणि तळाच्या भोकातून बाहेर येतं. तेच गोळा करून पुन्हा तापवायचं, पुन्हा ओतायचं. पहिलं पाणी कोमटच हवं. एकदम कढत पडलं तर डाग धाग्यात पक्का बसतो. ताप हळूहळू चढवत नेण्यात अख्खा दिवस जायचा. पाण्यावर नेऊन बडवणं, खळबळणं त्यानंतरचं. चित्रात वाफ दिसते, म्हणजे ही खेप पहिली नसावी; त्या बाईच्या खांद्यांवरूनही मला तसंच वाटतं.

चेहऱ्यांचं उत्तर तिथेच आहे. मिले (१८१४–१८७५) नॉर्मंडीतल्या ग्रुशी नावाच्या वाडीतले, शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः शेतात राबलेले. १८४९ मध्ये पॅरिस सोडून बार्बिझों या खेड्यात आले आणि बरंचसं आठवणीतून रंगवत राहिले. अशा आठवणीत नाक-डोळे राहत नाहीत, पाठीचा बाक राहतो. ‘सरवा वेचणाऱ्या’ (१८५७) हे शेतातलं चित्र सगळ्यांना ठाऊक असतं. त्यावर तेव्हा राजकारणाचाच गदारोळ झाला. मला मात्र घरातली चित्रं जास्त आवडतात. लोणी काढणारी बाई बघा. दोरीची रवी नव्हे. उंच, निमुळत्या लाकडी भांड्यात दांडा वरखाली आपटत राहायचा. दोन्ही हात त्यात अडकलेले, आणि मांजर नेमकं तेव्हाच पायाशी अंग घासतंय.

फ्रान्समधल्याच लील शहराच्या संग्रहालयात मिलेंचं ‘ला बेके’ आहे. शब्दाचा अर्थ चोचीतला घास. उंबरठ्यावर तीन मुलं ओळीनं बसलेली, समोर आई, हातात लांब लाकडी चमचा. तिचा चेहरा शोधत बसू नका. चमचा कोणाकडे चाललाय ते पाहा, आणि उरलेल्या दोघांकडे.