अधिवेशनासाठी संभाजीनगरला येतोय, फावल्या वेळात काय पाहावं?

जानेवारीत शुक्रवार ते रविवार अधिवेशन, सोबत पत्नी आणि आई, रोज दुपारनंतर थोडी मोकळीक आणि शिवाय एक अख्खा दिवस हाताशी. एवढ्यात अजिंठा-वेरूळ एका दिवसात उरकेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही उरकत. उरकतं म्हणणारा एकतर टॅक्सीवाला असतो, नाहीतर आमचे व्याही.

व्याह्यांचं सांगतो. 2011 च्या डिसेंबरात आमच्या संघटनेचं राज्य अधिवेशन इथंच भरलं होतं. मी तेव्हा पाणीपुरवठ्यात ज्युनिअर इंजिनिअर. भोजन समितीत अकरा जण, निवास समितीत नऊ, मंडप समितीत किती ते मंडपवाल्यालाही सांगता आलं नसतं. पर्यटन समितीत मी एकटा. स्वागताध्यक्ष होते ते आज माझे व्याही आहेत, पण तेव्हा नुसते साहेब होते. मी त्यांना कागदावर मांडून दिलं होतं की अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटर, वेरूळ दुसऱ्या अंगाला तीस किलोमीटर, तेव्हा दिवस एक तर लेणी एकच. साहेबांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. म्हणाले, "लोक कुठून कुठून येणार. दोन्ही दाखवलंच पाहिजे, आपल्या जिल्ह्याच्या अब्रूचा प्रश्न आहे." मी म्हटलं, मग बस सहाला काढू. तेही ठरलं.

बस निघाली सव्वानऊला. का, तर भोजन समितीचं उप्पीट तयार नव्हतं आणि पाहुण्यांना उपाशी कसं पाठवायचं. दोन बस, शंभराला दोन-चार कमी माणसं. सिल्लोडला कापसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. फर्दापूर फाट्याला पोचेस्तोवर पावणेबारा. तिथं आपली गाडी सोडून पुढचे चार किलोमीटर त्यांच्या बसनं जावं लागतं, त्या बसला ही रांग. वर गेलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर डोळे अंधाराला सरावायलाच पाच मिनिटं लागतात हो! इथं मागून साहेबांची शिट्टी. खरोखरची शिट्टी, पीटीच्या सरांकडे असते तशी. सव्विसाव्या लेण्यातली बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची भली मोठी मूर्ती निम्म्या लोकांनी पाहिलीच नाही, कारण खाली पुऱ्या गार होत होत्या.

वेरूळला पोचलो तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी. डिसेंबरातला दिवस तो, ऊन डोंगरावरून उतरलेलं. ड्रायव्हर उतरून बघून आला आणि म्हणाला, "साहेब, गेट लावायलेत."

आमच्यात चिपळूणच्या एका सहकाऱ्याची आई होती, सत्तरीच्या पुढची. वेरूळला फाटकातून समोरच सोळा नंबरच्या लेण्याची दर्शनी भिंत दिसते. त्या बाईंनी गजाला धरून विचारलं, "हेच का ते कैलास?" मी हो म्हटलं. त्यांनी बाहेरूनच हात जोडले. "बरं. झालं दर्शन." आत आठव्या शतकातलं, कळसापासून पायाकडे कोरत आणलेलं अख्खं देऊळ आणि यांना दिसली भिंत. रात्री मंचावरून साहेबांनी जाहीर केलं, "प्रतिनिधींनी अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही जागतिक वारसास्थळांना भेट दिली." टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी आभारप्रदर्शन सुरू झालं तसा मी मागच्या दारानं निघालो. त्या मायलेकरांना आणि सांगलीच्या दोघांना घेतलं, रिक्षा केली आणि पाणचक्कीला गेलो. माझं खातंच पाण्याचं, त्यामुळे तिथं मला फार बोलता येतं. शहराबाहेरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी आणलेलं आहे. ते इथं भिंतीत उंच चढतं आणि वरून हौदात कोसळतं, त्या जोरावर दगडी जातं फिरायचं. पंप नाही, वीज नाही. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे पाटाचं पाणी उतारानं येतं. हे वर कसं चढलं?" चोवीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका प्रश्न मला कुठल्या वरिष्ठानं विचारला नव्हता. मी जमिनीवर बोटानं सायफन काढून दाखवला. मलिक अंबरानं 1610 मध्ये खडकी वसवली, तेच हे शहर. तेव्हा त्यानं खोदलेल्या नहरीचं, म्हणजे पाणी आणणाऱ्या जमिनीखालच्या वाटेचं सांगितलं. पाणचक्कीची नहर निराळी आणि नंतरची, पण विद्या तीच. शिवाय हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. ते ऐकून त्या खाली जाऊन छताला ओल आहे का बघून आल्या. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दोन तास झाले.

तर आता तुमचं. अख्खा दिवस अजिंठ्याला द्या आणि सहाला निघा. नाश्ता डब्यात घ्या, सिल्लोडला खा. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ, त्यामुळे मुक्काम लांबवणार असाल तर सोमवारी वेरूळ गाठा.

वेरूळ अर्ध्या दिवसात होतं, दुपारच्या जेवणानंतर निघालात तरी. लेण्यांची तोंडं पश्चिमेकडे आहेत, दुपार कलल्यावर ऊन आत शिरतं. सगळी चौतीस बघायला जाऊ नका. सोळावं निवांत बघा, मग दहावं आणि बत्तिसावं, बास. वाटेतला देवगिरी किल्ला त्याच दिवशी कोंबू नका. आई सोबत आहेत, त्या पायऱ्या आणि ती अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट, त्यांच्यासाठी नाही.

दोन-तीन तासच असतील तर बीबी का मकबरा सगळे सांगतील, बघा. पण तिथून जवळच विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत, तिकडे बाहेरगावचं कुणी फिरकत नाही. सातव्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नर्तकी आहे, दोन्ही बाजूंना वाद्यं घेतलेल्या बायका. अजिंठ्याच्या गर्दीत जे मिळत नाही ते तिथं मिळतं, म्हणजे शांतपणे उभं राहायला जागा. चढ आहे मात्र, आईंना पाणचक्कीच बरी.

वहिनींना खरेदी असेलच. हिमरू (इथलं रेशीम-सुताचं विणकाम) आणि पैठणी दोन्ही उलटून बघायला सांगा. हातमागाच्या पैठणीचं काम दोन्हीकडून सारखं दिसतं, हिमरूच्या मागच्या बाजूला सुटे धागे असतात. दुकानदार उलटी बाजू दाखवायला टाळत असेल तर चहा पिऊन बाहेर पडा. मांसाहार चालत असेल तर जुन्या शहरात नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खा. मटण कशाचं ते विचारून घ्यायला लाजू नका. आणि जानेवारी आहे, कुणी शेतावर हुरड्याला बोलावलं तर समारोपाचं सत्र खुशाल बुडवा. आगटीतून निघालेला गूळभेंडी ज्वारीचा हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी यापुढे कुठल्याही अध्यक्षांचं भाषण टिकत नाही.

एक राहिलं. पाणचक्कीच्या आवारात मशीद आहे, शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते, ती वेळ टाळा. आणि उन्हाळ्यात हौदाला पाणी नसलं तर माझं वरचं सगळं वर्णन फुकट, पण तुम्ही जानेवारीत येताय.

परवा संक्रांतीला व्याही आले होते. तिळगूळ देता देता म्हणाले, "अहो, उप्पीट वेळेवर झालं असतं तर दोन्ही झालं असतं." चौदा वर्षं हेच चाललंय, आणि सूनबाईंसमोर मला काही बोलता येत नाही. तेव्हा तुमच्या आयोजकांनी एका दिवसात दोन्हीची बस ठेवलीच असेल, तर ती सहाला सुटते की सव्वानऊला आणि वेरूळचं फाटक तुम्हाला उघडं सापडतं की लावलेलं, तेवढं खाली कळवा. व्याही माझी उत्तरं वाचतात.