फुलांच्या स्थिरचित्रात उजेड, भाव आणि प्रतीकं कशी आणायची?

फुलं हुबेहूब उतरूनही चित्र कॅलेंडरसारखं दिसतं, डच चित्रकारांसारखी प्रतीकं घातली तर भाव येईल का, असं तुम्ही विचारलंय. प्रतीकांचं नंतर बघू. आधी खोलीतली ट्यूबलाइट बंद करा.

खिडकी आणि ट्यूब दोन्ही चालू असल्या की सावल्या दुहेरी पडतात आणि गुच्छाची गोलाई जाते. उजेड एकच हवा, डावीकडून, थोडा वरून. त्यात दोन-तीनच फुलं ठेवा. बाकीची पाठमोरी, अर्धवट, सावलीत बुडालेली. इथेच हात अडतो. फुलं पैसे मोजून आणलेली, एकही अंधारात टाकवत नाही! पांढरा गुलाबसुद्धा चित्रात बराचसा राखाडीच असतो; निव्वळ टायटॅनियम व्हाइट, म्हणजे ट्यूबमधला शुद्ध पांढरा रंग, एखाद्या पाकळीच्या कडेला, बस्स.

‘डच चित्रांची पार्श्वभूमी काळीच असते’ हे ऐकून कान किटलेत. रंगाच्या ट्यूबमधला काळा तसाच थापला की फुलं कापून चिकटवल्यासारखी दिसतात. त्याऐवजी बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत अल्ट्रामरीन हा निळा मिसळा. गुच्छाच्या उजळ बाजूला पार्श्वभूमी गडद ठेवा, सावलीच्या बाजूला किंचित उजळ.

दवबिंदू काढताना मधोमध पांढरा ठिपका दिला की पाकळीवर फोड आल्यासारखं दिसतं. थेंबाची डावी बाजू पाकळीपेक्षा गडद, त्या गडदातच बारीकशी चमक. उजवी बाजू आतून उजळ, आणि तिच्या पलीकडे थेंबाची सावली.

आता प्रतीकं. लिली म्हणजे पावित्र्य, माशी म्हणजे नश्वरता, ही यादी पाठ करून भाव येत नाही. अठराव्या शतकातला डच पुष्पचित्रकार यान व्हान हायसम याच्या लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका पुष्पचित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत. ज्या ऋतूत जे फूल मिळेल ते तेव्हा रंगवायचं, अशी त्याची पद्धत. म्हणजे तो गुच्छ एका वेळी फुलदाणीत नव्हताच. त्यानेही मिळेल तेच फूल रंगवलं, मग तुम्ही ट्युलिपच्या मागे कशाला लागता? कालच्या हारातला कडा काळवंडलेला झेंडू सावलीच्या बाजूला ठेवा. निर्माल्य म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

हां, खिडकीऐवजी दिवा लावलात तर त्याच्या उष्णतेने गुलाब तास-दोन तासांत उमलून पसरतो, तेव्हा सगळ्यांत जास्त उमललेलं फूल आधी उरकून घ्या. आणि लाल फुलांच्या ग्लेझला, म्हणजे वरून दिलेल्या पातळ पारदर्शक थराला, अलिझरीन हा लाल नको, तो काळाने उडतो, फिका पडतो; क्विनाक्रिडोन हा टिकाऊ लाल वापरा. जुन्या डच चित्रांतली काही पानं आज निळी दिसतात, तीही त्यांच्या हिरव्यातला पिवळा उडाल्यामुळेच.