सह्याद्री लाव्हाचा आहे, तर ज्वालामुखीचं तोंड कुठे गेलं?

तुमचा प्रश्न असा, की सह्याद्री ज्वालामुखीतून झाला म्हणतात, पण शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर खड्डा महाराष्ट्रात कुठेच दिसत नाही. मग लोणार हेच ते तोंड का?

लोणार नाही. ते उल्केच्या आघाताने पडलेलं विवर आहे, आणि तेही लाव्हा कधीच थंड होऊन गेलेल्या खडकात. आपल्याकडे 'तोंड' असं एक नव्हतंच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि रस त्यांतून वर आला.

पृथ्वीच्या पोटात सगळा रसच भरलाय, हा गैरसमज आधी सोडा. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, तापलेलं असलं तरी जवळजवळ सगळं घनच आहे, कारण वरचा दाब त्याला वितळू देत नाही. कुकरमधलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही ना, तसंच. हा गरम खडक हळूहळू वर सरकला की दाब उतरतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. दुसरी तऱ्हा जपान-इंडोनेशियाकडची: समुद्राचा तळ शेजारच्या भूपट्टाखाली घुसतो, त्याच्यातलं पाणी वरच्या तापलेल्या खडकात शिरतं आणि तो खडक कमी तापमानालाच वितळतो. वितळलेला मॅग्मा आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो वर चढतो. पृष्ठभागाजवळ आला की त्यात विरघळलेले वायू सोड्याची बाटली उघडावी तसे फसफसून सुटतात.

पुढे काय होणार, ते पाकावर ठरतं. सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो घटक, कमी असेल तर रस एकतारी पाकासारखा: वायू सहज निसटतो, लाव्हा लांबवर वाहतो. हवाईचा मौना लोआ असाच, पालथ्या ढालीसारखा पसरट. सिलिका जास्त असेल तर गोळीबंद पाक. वायू आत कोंडतो आणि शेवटी स्फोट होतो. फिलिपिन्सच्या पिनाटुबोने 1991 मध्ये राख सुमारे 35 किलोमीटर उंच फेकली. फुजीसारखे देखणे उभे शंकू याच जातीचे, राख आणि लाव्हाचे थर आलटून पालटून रचलेले. तिसरे छोटे, नुसत्या उडालेल्या खड्यांच्या ढिगाचे; मेक्सिकोत 1943 मध्ये पारिकुतिन चक्क मक्याच्या शेतातून उगवला.

आपला प्रकार चौथा, भेगांचा. आइसलँडच्या लाकीत 1783 मध्ये सुमारे 27 किलोमीटरच्या भेगेतून आठ महिने लाव्हा येत होता. दख्खनचं प्रकरण याच्या कैक पट मोठं. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेले. आज उरलेला पसाराच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि पश्चिमेकडे जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. रस पातळ होता, म्हणून शंकू न होता सपाट पत्रे झाले. घाटातल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात त्या यामुळेच.

मी विहिरी-बोअरच्या जागा बघायचं काम करतो, त्यामुळे हे पत्रे मला आतून बघायला मिळतात. अर्ध्या खणलेल्या विहिरीत उतरलं की वर मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. ते ठिपके म्हणजे लाव्हातले बुडबुडे, पुढे खनिजांनी भरलेले. वायू वर चढतो, म्हणून मांजऱ्या प्रत्येक थराच्या माथ्याला. त्याखाली काळा पाषाण, छिन्नी उडवून लावणारा. आणि मग एखादा हातभर लाल पट्टा, त्याला आम्ही गेरू म्हणतो. दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात खडक कुजून माती झाली, तिच्यावर पुढचा लाव्हा येऊन पसरला. गेरूखाली पुन्हा मांजऱ्या लागला की खणणारे जरा खुशीत येतात, पाण्याची आशा असते.

आता तुमचं तोंड. धुळे-नंदुरबारकडे गेलात तर माळरानातून सरळ रेषेत गेलेल्या, भिंतीसारख्या अरुंद टेकड्या दिसतील, काही कित्येक किलोमीटर लांब. त्यांना डाईक म्हणतात: भेगेतच थिजलेला रस. भोवतालचा खडक झिजला, हा टणक म्हणून उभा राहिला. सगळ्याच भेगा वरपर्यंत पोचल्या असतील असं नाही, पण रस वर चढायच्या वाटा अशाच होत्या.

आणि हा रस पुरवणारी खालची शेगडी? बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते ती जागच्या जागी राहिली, भारतच वरून उत्तरेला सरकला. ती आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर लाव्हा ओकतो.