"लोक काय समजत असतील, मॅडम?"

पाळी जायच्या वयातल्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात त्या सहसा वेगळं कारण सांगून. झोप नाही, चिडचिड, नवऱ्याशी खटके. मग आवाज खाली येतो. "अचानक अंगातून वाफा निघतात हो. चारचौघांत."

नाशिकरोडच्या एका पतसंस्थेत कॅशवर बसणाऱ्या ताईही अशाच आल्या. वय ४८. (ओळख बदलली आहे.) स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी, थायरॉईड, सगळं झालं होतं, ते मी आधी विचारतेच. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होऊ लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं आणि जराशा उकाड्यालाही घाम काढतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

"वाफ आली की काय करता?"

"मान खाली घालते. पदर घट्ट लपेटते. कुणाला दिसू नये."

"दिसलं तर?"

"म्हणतील, हिचं वय झालं. हिला आता हिशोब झेपत नाही."

"हिशोब चुकला कधी?"

"एकदाही नाही!" त्या जवळजवळ रागावल्याच.

मी एवढंच सुचवलं, की पुढच्या वेळी भिंतीवरचं घड्याळ बघा. पुढच्या भेटीत त्या बसायच्या आतच बोलल्या, "तीन मिनिटं, मॅडम! वाफ तीन मिनिटांत जाते. लाज मात्र दुपारपर्यंत पुरते."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे त्रास वाढवणारे हट्टी विचार तपासते. 'मला घाम येताच कामा नये' ही मागणीच माणसाला जास्त तापवते, हे मी तासभर समजावू शकले असते. पण गप्प राहिले. समोरच्याने स्वतः शोधलेलं वाक्य टिकतं, आणि गप्प बसणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, असं माझं मत.

मग त्यांनी शेजारच्या मुलीला सांगून टाकलं, "मला वाफा येताहेत, पंखा वाढव." मुलीने पंखा वाढवला आणि ती पुन्हा कामाला लागली. "बस्स, एवढंच?" ताईंना थोडा अपमानच वाटला म्हणे!

रात्रीचं गणित वेगळं. नाशिकच्या डिसेंबरात जाड रजई अंगावर येतेच. तिच्याऐवजी दोन पातळ चादरी घ्या, एक भिरकावता येते. सुती गाऊन घाला, दुसरा कोरडा उशाशी ठेवा. जाग आली तर मोबाईलमध्ये वेळ बघू नका. 'आता किती तास उरले' हा हिशोब घामापेक्षा जास्त झोप खातो. मिनिटाला साधारण सहा, असे संथ श्वास घ्या. चहा, तिखट, दारू यांतलं तुम्हाला काय बाधतं ते पंधरवडाभर लिहून बघा. सगळंच सोडायची गरज नसते. ताईंची रविवारची मिसळ चालू आहे.

एवढ्याने वाफा थांबतीलच असं नाही, पण त्यांचा जाच कमी होतो. अनेकींना हा त्रास काही वर्षं राहतो, म्हणून उगीच सोसू नका. हार्मोनची औषधं यावर सर्वात प्रभावी आहेत. मात्र स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा. रात्रीच्या घामासोबत ताप असेल, वजन उतरत असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर माझ्याकडे नंतर या. आधी दवाखाना गाठा.