केव्हीएमसह पहिला कर्नल बांधताना

अरे, केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) घालून स्वतःचा कर्नल बांधायचाय ना, मग एकदम तीन आर्किटेक्चरच्या (प्रोसेसरच्या प्रकारांच्या) मागे लागू नकोस. आधी स्वतःचा एक्स८६ लॅपटॉप, मग आर्म६४.

प्रोसेसरच्या माहितीत इंटेलला 'व्हीएमएक्स', एएमडीला 'एसव्हीएम' दिसतंय का बघ. नसेल तर बहुधा बायोसमध्ये बंद आहे. कॉन्फिगशी (कर्नलच्या पर्यायांच्या फाइलशी) झटापट नको.

- एक्स८६वर नुसतं केव्हीएम निवडून भागत नाही, खालचा इंटेल किंवा एएमडीचा पर्यायही हवा. दोन्ही 'एम' (वेगळं मॉड्यूल) ठेवले तरी चालतात.
- आर्म६४वर 'एम' शोधत बसू नकोस. तिथे फक्त 'वाय' (थेट कर्नलमध्येच).

सगळ्यात जास्त फसतात ते इथे: मेन्यूकॉन्फिगला (पर्याय निवडायच्या मेन्यूला) 'आर्च' (कुठल्या आर्किटेक्चरसाठी ते) दिलं, शेवटच्या 'मेक'ला (बिल्डच्या कमांडला) विसरले. मग बिल्ड यजमान मशीनचंच आर्किटेक्चर धरतं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. एंटर दाबत सुटलास तर कॉन्फिग गेलीच, कंट्रोल-सी दाब. दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी बांधताना 'आर्च' आणि 'क्रॉस-कंपाइल' (त्या आर्किटेक्चरचा कंपायलर) प्रत्येक वेळी दे, आणि 'ओ' (आउटपुटचं फोल्डर) वापरून प्रत्येक आर्किटेक्चरचं बिल्ड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव.

एक्स८६वर आर्मचा गेस्ट (आत चालणारं व्हर्च्युअल मशीन) चालवलास तर केव्हीएमचा उपयोग शून्य, क्यूएमू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) सगळं सॉफ्टवेअरने करतो, म्हणजे हळू. बूट होईपर्यंत इंदूरच्या सराफ्यात चक्कर मारून ये, गराडू (तळलेला कंद) खाऊन.

नेस्टेड (व्हर्च्युअल मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीन) वगैरे पुढे बघू.